घरगुती की व्यापारी? : विक्रेता-खात्याच्या दोन चौकटींचा इतिहास

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीस आमचे सर गेले. चाळीस वर्षांच्या अध्यापनाचा संचय म्हणून त्यांच्यामागे दोन चष्मे, एक लाकडी आरामखुर्ची आणि सुमारे हजार पुस्तके राहिली. ग्रंथालयाने 'ह्यांतील बहुतेक आमच्याकडे आहेत' असे कळवून हात वर केले. मुलांची घरे परगावी आणि लहान. काकूंनी पुस्तकांची यादी माझ्या हाती ठेवली आणि म्हणाल्या, "तूच बघ बाबा काहीतरी. रद्दीत तेवढी घालू नकोस." पुस्तक ज्याला हवे आहे त्याच्यापर्यंत पोचवायचे तर आंतरजालावरील बाजारासारखी सोय नाही, ह्या समजुतीने मी एका विक्री-संकेतस्थळावर खाते उघडावयास बसलो. पहिल्याच पानाने विचारले : आपल्या व्यवसायाचे नाव? त्याखाली : व्यवसायाचा प्रकार? एकल मालकी, भागीदारी, मर्यादित कंपनी. 'व्यवसाय नाही, सरांची पुस्तके आहेत' असे लिहिण्यास तेथे जागा नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकाला अर्जाचा नमुना वाचण्याची सवय नसते, ती असावयास हवी. कादंबरीत पात्र हळूहळू उभे राहते. अर्जात ते आधीच ठरलेले असते आणि भरणाऱ्याने फक्त त्यात शिरायचे असते. माझ्यासमोरच्या अर्जाने विक्रेता म्हणजे व्यापारी असे गृहीत धरले होते. दुसऱ्या एखाद्या देशात हाच अर्ज 'खाजगी विक्रेता' आणि 'व्यावसायिक विक्रेता' अशा दोन चौकटी पुढे ठेवतो. तिसरीकडे 'व्यक्ती' आणि 'व्यावसायिक' ह्या दोन योजना म्हणून समोर येतात, आणि त्यांचा अर्थ पुन्हा वेगळाच. ह्या चौकटींचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. पण घरातली वस्तू विकणारा माणूस आणि दुकानदार ह्यांच्यात फरक कोणता, आणि तो कोणी ठरवावा, हा त्यामागचा प्रश्न बाजाराइतका जुना आहे.

आरंभ करावयाचा तो १९९५च्या सप्टेंबरात. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे पियर ओमिद्यार ह्या अठ्ठावीस वर्षांच्या तंत्रज्ञाने सुटीच्या दिवसांत 'ऑक्शनवेब' नावाचे एक पान तयार करून आपल्या खाजगी संकेतस्थळावर चढवले. कोणीही यावे, वस्तू मांडावी, कोणीही बोली लावावी. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जी सांगितली जाते ती एक बिघडलेला लेझर-दर्शक; १४.८३ डॉलरना गेला. घेणाऱ्याला 'हा बिघडलेला आहे हे आपल्याला कळले आहे ना?' असे विचारता त्याने आपण बिघडलेले लेझर-दर्शक जमवतो असे उत्तर दिले, असे ही कथा सांगते. हेच ऑक्शनवेब पुढे १९९७ साली 'ईबे' झाले.

ह्याच काळात आणखी एक कथा प्रचलित झाली आणि ती अधिक गाजली. ओमिद्यारच्या वाग्दत्त वधूला 'पेझ' गोळ्यांच्या डब्या जमवण्याचा छंद होता, त्या मिळवणे तिला सोपे जावे म्हणून त्याने हा बाजार उभारला, अशी ती कथा. अॅडम कोहेनच्या २००२ सालच्या 'द परफेक्ट स्टोअर' ह्या पुस्तकाने तिचा उलगडा केला. वृत्तपत्रांना रुचेल अशी गोष्ट हवी म्हणून १९९७ साली कंपनीच्या प्रसिद्धी-विभागाने ती रचली होती. कथा खोटी असली तरी तिची निवड फार बोलकी आहे. बाजाराच्या मुळाशी व्यापारी दिसू नये, तेथे प्रेमात पडलेला तरुण आणि छंदिष्ट मुलगी दिसावी, ही तिची मांडणी. विकणारा आणि घेणारा दोघेही आपल्यासारखेच, घरातले, शेजारचे. अमेरिकन मध्यमवर्गीय वस्तीत रविवारी सकाळी गॅरेजचे दार उघडून जुन्या वस्तू अंगणात मांडण्याची जी रीत आहे, तिचीच ही जागतिक आवृत्ती होती. म्हणून आरंभी खात्याचे प्रकार नव्हते. सगळे एकाच प्रकारचे, म्हणजे शेजारी.

मात्र ह्या शेजाराला पहिला धक्का बसला तो खात्याच्याच प्रकारामुळे, आणि हा तपशील मला सगळ्या इतिहासात सर्वांत मार्मिक वाटतो. ओमिद्यारचे पान त्याच्या साध्या, घरगुती इंटरनेट-जोडणीवर चालत होते. महिन्याला तीस डॉलर. येजा वाढली तशी सेवा देणाऱ्या कंपनीने त्याला सांगितले, ही घरगुती वापराची रहदारी नव्हे, तुम्ही व्यावसायिक खाते घ्या. महिन्याला अडीचशे डॉलर. हा खर्च भागवावा म्हणून त्याने १९९६ साली विक्रेत्यांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली. तोवर सगळे फुकट होते. म्हणजे 'तू घरगुती नाहीस, व्यापारी आहेस' हे वाक्य ह्या बाजारात प्रथम उच्चारले गेले ते बाजार उभारणाऱ्याविषयीच. त्याने काय केले म्हणून नव्हे, किती केले म्हणून. पुढील तीस वर्षांत हाच निकष विक्रेत्यांच्या गळ्यात पडणार होता.

त्याच वर्षी अभिप्रायाची पद्धत आली. घेणाऱ्याने देणाऱ्याविषयी आणि देणाऱ्याने घेणाऱ्याविषयी चांगले, वाईट वा तटस्थ मत नोंदवायचे, त्याची बेरीज नावापुढे दिसायची. माणसे मुळात चांगली असतात, अशी आपली धारणा असल्याचे ओमिद्यारने सदस्यांना लिहिले होते. दहा गुण झाले की नावापुढे पिवळा तारा, मग निळा, आणि असेच चढत रंग. एखाद्या कीर्तनकाराची पंचक्रोशीत ख्याती पसरावी तशी ही ख्याती, फक्त तिला अंक होता. ह्या पद्धतीत 'तुम्ही कोण?' हा प्रश्नच नव्हता. 'तुमच्याविषयी लोक काय म्हणतात?' एवढाच होता. पुढे पाच धातूंच्या नावांनी ओळखले जाणारे 'पॉवरसेलर' आले. महिन्याची विक्री हजार डॉलर असेल तर कांस्य, तीन हजार असेल तर रौप्य, मग सुवर्ण, प्लॅटिनम, आणि दीड लाखाला टायटेनियम. गॅरेजमधला शेजारी आता गोदाम भाड्याने घेत होता. पण खात्यावर त्याचा उल्लेख अजूनही सदस्य असाच होता, फक्त अधिक गुणवान सदस्य. २००८ साली ईबेने विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट मत नोंदवण्याची मुभा काढून घेतली तेव्हा जुन्या सदस्यांनी मोठा गदारोळ केला. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेजारी-शेजारी परस्परांविषयी बोलतात. दुकानदार गिऱ्हाइकाविषयी पाटी लावत नाही. त्या दिवशी विक्रेता दुकानदार ठरला, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

येथे थोडे थांबून एक घोळ निस्तरला पाहिजे, कारण विद्यार्थीच काय, बरेच विक्रेतेही त्यात सापडतात. 'खात्याचा प्रकार' ह्या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन निराळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे दराची योजना. अमेरिकेत अॅमेझॉनवर 'व्यक्ती' योजनेत प्रत्येक विकल्या गेलेल्या वस्तूमागे ०.९९ डॉलर द्यावे लागतात, 'व्यावसायिक' योजनेत महिन्याला ३९.९९ डॉलर. महिन्याला चाळीसपेक्षा जास्त वस्तू विकल्या जात असतील तर दुसरी योजना स्वस्त पडते, इतके साधे गणित आहे ते. एखादी आजी व्यावसायिक योजना घेऊ शकते आणि एखादा मुरलेला व्यापारी व्यक्ती-योजनेत राहू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा : तारे, धातू, बिल्ले. तो कमवावा लागतो आणि गमावताही येतो. तिसरी म्हणजे कायद्यातील ओळख, म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही ग्राहकासारखेच एक नागरिक आहात की धंदा करणारे. ही ओळख ना विकत मिळते ना कमवता येते. ती तुमच्या वागण्यावरून ठरते, आणि तुम्ही अर्जात काय लिहिले आहे ह्याला ती बांधील नसते. खरे नाट्य ह्या तिसऱ्या गोष्टीत आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी पुस्तकांचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. अॅमेझॉनने २००० सालच्या नोव्हेंबरात आपल्या दुकानाची दारे बाहेरच्या विक्रेत्यांना उघडली. त्यातील नवेपण असे की नव्या पुस्तकाच्या पानावरच, किमतीशेजारी, त्याच पुस्तकाची वापरलेली प्रत कोण कितीला देतो हे दिसू लागले. 'ऑथर्स गिल्ड' ही अमेरिकन लेखकांची संघटना संतापली. जुन्या प्रतीवर लेखकाला मानधन मिळत नाही. नव्या पुस्तकाच्या दारातच जुने मांडणे म्हणजे लेखकाच्या ताटातला घास काढणे, असा तिचा आक्षेप. २००२च्या एप्रिलमध्ये तिने सदस्यांना आपापल्या संकेतस्थळांवरून अॅमेझॉनचे दुवे काढून टाकण्याचे आवाहन केले. जेफ बेझोसचा प्रतिवाद असा की पुस्तक विकत घेणारा ते पुन्हा विकण्याचा अधिकारही घेत असतो. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता; अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच हे मान्य केले होते. परंतु त्या अधिकारामागे कल्पना होती ती वाचकाची, वाचून झालेले पुस्तक देऊन टाकणाऱ्या माणसाची. पानावर प्रत्यक्षात मांडले जात होते ते बहुधा गोदामांतून, पोत्यांनी घेतलेले. दोघांची खाती एकाच यादीत, एकाच टंकात, किमतीच्या क्रमाने लागलेली. कोणता वाचक आणि कोणता घाऊक खरेदीदार हे पानावरून कळत नव्हते आणि कळावे अशी बाजाराची इच्छाही नव्हती.

हा फरक कळलाच पाहिजे, असा हट्ट युरोपने धरला. त्यातही जर्मनीने, आणि जर्मन न्यायालयांचे ह्या विषयावरील निवाडे कथासंग्रहासारखे वाचता येतात.

दूरस्थ खरेदीत, म्हणजे वस्तू हाताळून न पाहता घेतलेल्या खरेदीत, ग्राहकाला ती परत करण्याचा हक्क असावा, असे युरोपीय समुदायाने १९९७ सालच्या एका निर्देशाने ठरवले होते. पण हा हक्क धंदेवाईक विक्रेत्याविरुद्धच मिळतो. कोणी आपल्या घरातले घड्याळ विकले आणि घेणाऱ्याचा विचार बदलला, तर त्याने ते परत घ्यावे असे कायदा म्हणत नाही. साहजिकच जर्मन ईबेवर 'खाजगी' की 'व्यावसायिक' ही चौकट फार महत्त्वाची ठरली. व्यावसायिकाने पूर्ण नाव, पत्ता, परतीच्या अटी जाहीर करायच्या. खाजगी विक्रेत्याने वस्तूच्या वर्णनाखाली 'खाजगी विक्री, हमी नाही, परत घेणार नाही' अशा अर्थाची एक ओळ टाकायची की झाले. ही ओळ इतक्या वेळा लिहिली गेली की तिला मंत्राचे रूप आले. आपल्याकडे दुकानात 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी असते, तसेच काहीसे.

आता व्यापाऱ्याला हा मंत्र म्हणण्याचा मोह होणारच. लिलावाला हा परतीचा हक्क लागू नव्हता, आणि ईबे तर लिलावच, अशी पळवाट काहींनी काढली. २००४ सालच्या नोव्हेंबरात जर्मन संघराज्याच्या न्यायालयापुढे हिऱ्यांच्या कंकणाचे प्रकरण आले. दागिन्यांच्या व्यापाऱ्याने ते एक युरोपासून बोलीला लावले होते, घेणाऱ्याने घेण्यास नकार दिला. न्यायालय म्हणाले, ईबेवरची बोली म्हणजे कायद्याच्या अर्थाने लिलाव नव्हे. विक्रेता व्यापारी असेल तर घेणाऱ्याला माघार घेता येईल. दुसऱ्या वर्षी युरोपीय संघाने अनुचित व्यापारी प्रथांविषयीचा निर्देश काढला आणि त्यात सर्व परिस्थितींत निषिद्ध अशा प्रथांची यादी जोडली. व्यापाऱ्याने स्वतःला ग्राहक म्हणून भासवणे ही तीतली एक प्रथा. सोंग घेणे हाच गुन्हा! कथनशास्त्राच्या वर्गात विश्वासार्ह निवेदकाविषयी बोलताना ही तरतूद मी आता आवर्जून सांगतो.

पण सोंग नसेल तर? माणूस खरोखरच स्वतःला घरगुती समजत असेल तर? जर्मनीच्या करन्यायालयापुढे आलेली दोन प्रकरणे ह्या दृष्टीने विसरण्याजोगी नाहीत. एका जोडप्याने काही वर्षांच्या काळात ईबेवर बाराशेहून अधिक वस्तू विकल्या : खेळणी, पोस्टाची तिकिटे, बाहुल्या असा संग्रह. त्यांचे म्हणणे, हा आमचा छंद, आम्ही फक्त साठवलेले मोकळे करीत होतो. २०१२ साली वरिष्ठ न्यायालयाने हा उद्योगच आहे, मूल्यवर्धित कर भरावा लागेल, असा निर्णय दिला. दुसरे प्रकरण एका स्त्रीचे. तिने किमान एकशे चाळीस फरचे कोट विकले, सुमारे नव्वद हजार युरोंना. हे कोट दिवंगत सासूबाईंचे होते, असे तिने सांगितले. २०१५ साली न्यायालयाने हीही उद्योजकाची वर्तणूक ठरवली. सासूबाईंच्या एकशे चाळीस कोटांवर कोणाचा विश्वास बसावा, असे वाचकाला वाटेल. पण न्यायालयाचा रोख कोट कोणाचे होते ह्यावर नव्हता. इतक्या वस्तू इतक्या काळ, अशा रीतीने विकणे ही कृतीच माणसाला व्यापारी बनवते, असा त्याचा आशय. दिवंगताच्या मागे राहिलेल्या वस्तू विकणारा वारसही संख्येच्या जोरावर दुकानदार होऊ शकतो. हजार पुस्तकांची यादी समोर ठेवून हा निवाडा वाचताना मी जरा दचकलो, हे कबूल केले पाहिजे.

सुदैवाने दुसऱ्या बाजूचाही एक निवाडा आहे. बल्गेरियातील एका स्त्रीने एका जाहिरात-संकेतस्थळावर नव्याजुन्या वस्तूंच्या आठ जाहिराती दिल्या होत्या. त्यांतील एक वापरलेले घड्याळ घेणाऱ्याला वर्णनाप्रमाणे वाटले नाही. त्याने पैसे परत मागितले, तिने नाकारले. ग्राहक-आयोगाने तिला व्यापारी ठरवून दंड केला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये त्या न्यायालयाने सांगितले की केवळ आठ जाहिरातींवरून कोणी व्यापारी होत नाही. मग कशावरून होतो? ह्याची त्याने एक यादीच दिली. विक्री पद्धतशीरपणे चालवली होती का? नफ्याचा हेतू होता का? विक्रेत्याला वस्तूची घेणाऱ्याहून अधिक तांत्रिक माहिती होती का? वस्तू पुन्हा विकण्यासाठीच घेतल्या होत्या का? त्या एकाच जातीच्या होत्या का? ह्यांपैकी एखादे लागू पडले म्हणून निकाल लागत नाही. सगळे एकत्र तोलावे लागते. ही यादी मला फार आवडली. तीत माणसाकडे एखाद्या पात्राकडे पाहावे तसे पाहिले आहे : हेतू, ज्ञान, सातत्य, परिस्थिती.

परंतु यंत्राला अशी यादी चालत नाही. लाखो खात्यांचे हेतू कोण तोलणार? म्हणून गेल्या काही वर्षांत कायदा पुन्हा मोजणीकडे गेला. युरोपीय संघात २०२३पासून बाजार चालवणाऱ्यांनी विक्रेत्यांची माहिती करखात्याला कळवायची असते. त्यातून सुटतो तो वर्षाला तीसपेक्षा कमी वस्तू विकणारा, आणि त्यांचा एकूण मोबदला दोन हजार युरोंपेक्षा अधिक नसेल तरच. अमेरिकेत त्याच वर्षीच्या जूनपासून लागू झालेल्या कायद्याने सलग बारा महिन्यांत दोनशे विक्री आणि पाच हजार डॉलर ही रेषा आखली. ती ओलांडणाऱ्याची ओळख, बँक-खाते, करक्रमांक बाजाराने पडताळायचे. मात्र येथे एक सूक्ष्म विवेक आहे. मोजल्या जातात त्या नव्या वा न वापरलेल्या वस्तूच. शिवाय घरूनच विकणाऱ्याला आपला संपूर्ण पत्ता उघड न करण्याची सवलत मिळू शकते. घराचा उंबरठा कायद्याने एवढा तरी मानला. ईबेने जर्मनीत २०२३च्या मार्चपासून खाजगी विक्रेत्यांचे शुल्कच काढून टाकले, आणि २०२४ साली ब्रिटनमध्येही तेच केले. तीस वर्षांपूर्वी व्यावसायिक खात्याच्या भाड्यापायी सुरू झालेले शुल्क घरगुती विक्रेत्यापुरते असे मागे घेतले गेले. त्यामागे परमार्थ नव्हता, घरांतल्या वस्तू नव्या स्पर्धकांकडे चालल्या होत्या. पण वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटते खरे.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या अर्जात 'खाजगी' ही चौकट का नव्हती?

पहिले उत्तर भाषेत सापडते. विकणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही : वाणी, उदमी, बकाल, दलाल, अडत्या, फेरीवाला, बाजारकरी. ह्या प्रत्येकाची पेठेतली जागा आणि त्याच्यावरचा कर ठरलेला असे. पण स्वतःच्या घरातली वस्तू एकदाच विकणाऱ्या गृहस्थाला शब्द नाही. तो विकत नाही. तो दागिना 'मोडतो', घर 'विकायला काढतो', आणि ह्या क्रियापदांत नामुष्कीची छाया आहे. वापरलेल्या वस्तू घराबाहेर जातात त्या विक्रीने नव्हे. जुने कपडे बोहारणीला जातात आणि त्यांच्या बदल्यात पातेले येते. घासाघीस होते, पण पैसा दिसत नाही. वर्तमानपत्रे आणि पुस्तके रद्दीवाल्याला जातात, तेथे पैसा येतो खरा, पण तो वजनाचा. पुस्तकाचा पुस्तक म्हणून भाव करतो तो त्यापुढचा माणूस : पदपथावरचा, किंवा अप्पा बळवंत चौकातला. अंगणात वस्तू मांडून शेजाऱ्याला विकण्याची रीत आपल्या मध्यमवर्गाने कधी स्वीकारली नाही. म्हणून त्या रीतीची जागतिक आवृत्ती येथे रुजली नाही, ह्यात नवल नाही.

प्रयत्न झाला होता. मुंबईत २००० साली 'बाझी डॉट कॉम' निघाले, ते अमेरिकन नमुन्यावर बेतलेले, कोणीही विकावे असे. २००४ साली ईबेने ते विकत घेतले. त्याच वर्षअखेरीस एका विद्यार्थ्याने तेथे एक आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस मांडली आणि संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली. विकणारा कोण आणि बाजार कोण, हा भेद आपल्या कायद्यात तोवर पुरेसा स्पष्ट नव्हता. मध्यस्थाला संरक्षण देणारे माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे कलम २००८च्या दुरुस्तीत नव्याने लिहिले गेले. भारतातील ईबे २०१८च्या ऑगस्टमध्ये बंद झाले. घरगुती विक्री ओएलएक्ससारख्या जाहिरातींच्या फळ्यांवर गेली, जेथे व्यवहार भेटून, रोखीने होतो.

दुसरे उत्तर कायद्यात आहे. परदेशी भांडवलावर चालणाऱ्या बाजाराने आपला माल ग्राहकाला थेट विकू नये, त्याने फक्त जागा द्यावी, हे २०१६च्या धोरणपत्राने स्पष्ट झाले आणि २०१९च्या फेब्रुवारीपासून आणखी आवळले गेले. अमेरिकेत बाजाराला विक्रेता हवासा होता. भारतात विक्रेता असणे ही बाजाराच्या अस्तित्वाची अटच झाली. त्यासाठी हवा होता तो नोंदणीकृत, भरवशाचा, मोठा पुरवठादार. त्यात २०१७च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आला. साध्या दुकानदाराला उलाढालीची मर्यादा ओलांडेपर्यंत नोंदणीतून सूट, पण आंतरजालावरील बाजारातून माल विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना काही अटींवर ह्यातून सवलत मिळाली ती २०२३च्या ऑक्टोबरात. म्हणजे सहा वर्षे शेजारच्या गल्लीतली लोणची विकणारी बाई दारात गृहिणी होती आणि पडद्यावर करदाती व्यापारी. गंमत अशी की २०२०चे ई-वाणिज्य ग्राहक-संरक्षण नियम व्यक्तीने खाजगी नात्याने, नियमित वा पद्धतशीर व्यवसायाचा भाग नसलेल्या अशा केलेल्या व्यवहाराला लागू होत नाहीत. घरगुती विक्रेत्याची व्याख्या आपल्या नियमांत आहे. तिला बाजारात खाते तेवढे नाही.

एक अपवाद आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर शून्य आहे, आणि केवळ करमुक्त वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे फक्त पुस्तके विकणाऱ्याला करक्रमांकाविना खाते देण्याची सोय मोठ्या बाजारांनी ठेवली. मी त्या चोरदारातून आत शिरलो. तरीही 'व्यवसायाचा प्रकार' ही ओळ रिकामी सोडता येईना. 'एकल मालकी' ह्यावर खूण केली. मालक मी, ज्याच्या मालकीचे त्यात एकही पुस्तक नव्हते. दुकानाचे नाव काय द्यावे, असे काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "सरांची पुस्तके, असंच लिही. दुसरं काय आहे ते?"

आजवर बासष्ट प्रती गेल्या आहेत. मानांकन पाचपैकी चार पूर्णांक काहीतरी आहे. ते खाली आले एका ग्राहकामुळे. त्याने मागवलेल्या समीक्षाग्रंथाच्या समासात सरांनी पेन्सिलीने टिपा केल्या होत्या, काही ठिकाणी लेखकाशी कडाडून भांडण होते. 'प्रत खराब आहे, विक्रेत्याने कळवले नाही,' असे त्याने लिहिले आणि तीन तारे दिले. त्याची तक्रार रास्त होती. धंदा करणाऱ्याने पान न् पान पाहून 'समासात लेखन' असा शेरा दिला असता, किंवा रबराने खोडून टाकले असते. मी त्याला पैसे परत करण्याची तयारी दाखवली. त्याने प्रत परत पाठवली नाही. बाकीच्या पुस्तकांच्या वर्णनात मी आता 'पेन्सिलीच्या खुणा आहेत' अशी ओळ घालतो आहे, आणि त्यासाठी प्रत्येक पुस्तक आधी चाळावे लागत असल्याने नव्या नोंदी आठवड्याला चारपाचच होतात.